शूबर्टची जर्मन गाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एकदा आम्ही काही जण एकत्र बसून व्हिएन्नाचा संगीतकार फ्रान्झ शूबर्ट याची गाणी ऐकतो. आधी कविता वाचायची, मग गाणं लावायचं, एवढाच शिरस्ता. या बैठकींबद्दल लिहायला लागल्यापासून प्रश्न येत राहतात आणि त्यातले बरेच पुन्हा पुन्हा तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. आधी सोपे, मग अवघड. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. 'लीड' म्हणजे नक्की काय? आणि म्हणायचं 'लीड' की 'लीडर'?

एक गाणं ते 'लीड', अनेक गाणी ती 'लीडर'. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी आलेला ड कठोर होतो, त्यामुळे एकवचन कानाला 'लीट' असं ऐकू येतं. शब्दाचा अर्थ साधा आहे : गाणं. पण संगीताच्या चर्चेत 'लीड' म्हटलं की एक विशिष्ट प्रकार डोळ्यांसमोर असतो. आधी लिहिली गेलेली कविता, तिला संगीतकारानं दिलेली चाल, एक गळा आणि एक पियानो. वेशभूषा नाही, वाद्यवृंद नाही, मागे नाटकातला प्रसंगही नाही. जे काही घडायचं ते तीन-चार मिनिटांत आणि दोन माणसांत.

हा प्रकार शूबर्टनं शोधलेला नाही. मोत्सार्ट आणि बेटोफेन यांनीही अशी गाणी लिहिली होती, आणि शाळकरी शूबर्टनं त्सुमश्टेग नावाच्या संगीतकाराची गाणी समोर ठेवून हात वळवून घेतला होता. पण आधीच्या बहुतेकांच्या लेखी हे घरगुती, किरकोळ काम होतं. शूबर्टनं त्यात आपला जीव ओतला.

२. त्यानं एकूण किती गाणी लिहिली? प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा का असतो?

६०० हून अधिक. आकडा बदलतो, कारण एकाच कवितेला त्यानं दोन-तीन वेळा वेगवेगळ्या चाली दिल्या, काही गाणी अर्धवट राहिली, काहींची तीन-चार हस्तलिखितं वेगवेगळी आहेत. कोण काय मोजतं यावर बेरीज ठरते. तो ३१ जानेवारी १७९७ रोजी व्हिएन्नात जन्मला आणि १९ नोव्हेंबर १८२८ रोजी तिथेच गेला, म्हणजे उणंपुरं एकतीस वर्षांचं आयुष्य. एकट्या १८१५ सालात त्यानं १४० हून अधिक गाणी लिहिली, आणि तेव्हा तो वडिलांच्या शाळेत लहान मुलांना शिकवत होता.

गाण्याच्या नावापुढे 'डी ११८' असा जो क्रमांक दिसतो, तो ऑटो एरिख डॉइच या अभ्यासकाच्या १९५१ सालच्या सूचीतला आहे. नावं सारखी असली की गोंधळ होतो, तेव्हा हा क्रमांक बघून शोधावं. 'श्टेंडशेन' या नावाचीच त्याची एकाहून अधिक गाणी आहेत.

३. मी काहीच ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

'ग्रेटशेन आम श्पिनराडे'पासून, म्हणजे 'चरख्यापाशी ग्रेटशेन'. तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं आहे. शूबर्टनं ते १९ ऑक्टोबर १८१४ रोजी लिहिलं, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. त्यानंतर 'एर्लक्योनिग', म्हणजे पिशाचराज. मग थोडं हलकं व्हायला 'डी फोरेले', म्हणजे ट्राउट मासा. मग 'आन डी मुजीक', संगीताला उद्देशून म्हटलेलं दोन कडव्यांचं कृतज्ञतेचं गाणं. त्याचे शब्द शूबर्टचा मित्र शोबर याचे. ही चार गाणी प्रत्येकी तीनदा ऐका. पंधरा गाणी एकेकदा ऐकण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

'विंटरराइजे' (हिवाळ्यातली वाटचाल) ही चोवीस गाण्यांची माला सर्वात थोर म्हणून लोक पहिल्याच दिवशी ती लावतात आणि पाचव्या गाण्याला बंद करतात. तो दोष ऐकणाऱ्याचा नाही. ती माला सव्वा तासाच्या आसपास चालते आणि जवळपास सगळी अंधारातली आहे. तिच्याकडे नंतर या, पण या नक्की.

४. मला जर्मन येत नाही. मग अर्थ कसा लागणार?

आमच्यातल्या निम्म्या लोकांना येत नाही. कवितेचं भाषांतर आधी शांतपणे वाचा, शक्यतो मोठ्यानं. कोण बोलतंय, कोणाशी, दिवसाची कुठली वेळ आहे, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. मग कागद बाजूला ठेवून ऐका. ऐकताना ओळीगणिक वाचत बसलं की कान डोळ्यांच्या मागे लागतात आणि पियानो ऐकूच येत नाही. दुसऱ्या वेळी मात्र मूळ शब्द समोर ठेवा. 'हेर्त्स' म्हणजे हृदय, 'नाख्ट' म्हणजे रात्र, 'लीबे' म्हणजे प्रेम, 'वांडर्न' म्हणजे पायी भटकणं, 'रू' म्हणजे शांती. हे शब्द गाण्यागणिक भेटत राहतात आणि आपोआप ओळखीचे होतात.

५. पियानो फक्त साथीला असतो ना? मग लोक पियानोवादकाचं एवढं कौतुक का करतात?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. नाही, साथीला नसतो. मला शूबर्टबद्दल एकच गोष्ट सांगायची परवानगी मिळाली तर मी हीच सांगेन : त्याच्या गाण्यात गाणाऱ्याला जे माहीत नसतं किंवा जे तो कबूल करत नाही, ते पियानोला माहीत असतं.

'ग्रेटशेन' घ्या. जर्मन कवी गोएथे याच्या 'फाउस्ट' नाटकातली ही मुलगी चरख्यावर सूत कातते आहे आणि मनातून माणूस जात नाही. पियानोत उजव्या हाताला चाक गरगरतंय, डाव्या हातात पायाखालच्या पट्टीचा ठेका आहे. ती त्याची चाल आठवते, हसणं आठवते, हाताचा स्पर्श आठवते. चाक वेग घेतं, सूर चढत जातो, आणि 'त्याचं चुंबन' या शब्दांवर चाक थांबतं. ती हात थांबला असं कुठेही म्हणत नाही. कवितेत ते नाहीच. ते फक्त पियानोत आहे. मग शांतता, आणि चाक पुन्हा सुरू करायचा प्रयत्न : एकदा थोडं फिरतं आणि अडतं, पुन्हा फिरतं आणि अडतं, मग लागतं. पहिल्यांदा ही जागा ऐकली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. सतरा वर्षांच्या मुलाला हे कुठून कळलं, हा प्रश्न मला अजून पडतो.

'एर्लक्योनिग'मध्ये उजवा हात सुरुवातीपासून एकाच स्वरावर घोड्याच्या टापांसारखा आपटत राहतो. वडील आजारी मुलाला कुशीत घेऊन रात्री घोडा दामटत आहेत, मुलाला पिशाचराज दिसतो, वडिलांना धुकं दिसतं. एकच गायक चार जणांचं बोलतो : निवेदक, वडील, मुलगा आणि तो पिशाचराज. पिशाचराज बोलू लागला की पियानो गोड होतो, नाचरा होतो, कारण मुलाला ते तसंच ऐकू येतंय. आणि 'बाबा, बाबा' ही मुलाची हाक दर वेळी आधीपेक्षा वरच्या सुरात येते. शेवटी घोडा थांबतो. टापा बंद. उरलेले शब्द गायक जवळजवळ बोलूनच सांगतो : त्याच्या हातांत मूल मेलेलं होतं.

आणि 'विंटरराइजे'चं शेवटचं गाणं, 'डेर लायरमान'. गावाबाहेर बर्फात एक म्हातारा अनवाणी उभा राहून हातानं फिरवायचं एक तंतुवाद्य वाजवतोय, थाळीत एकही नाणं नाही. पियानोच्या डाव्या हातात सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त षड्ज आणि पंचम. आपल्या कानाला तंबोरा ओळखीचा असतो, म्हणून इथे आपल्याला एक गोष्ट लगेच जाणवते : हा तंबोरा आधार देत नाही. वर सूर भरायला कोणी येईल याची तो वाट बघत राहतो आणि कोणी येत नाही.

६. म्हणजे हे आपल्या भावगीतासारखंच झालं की!

बरंचसं हो. चांगली कविता, तिच्या अर्थाशी इमान राखणारी चाल, एका व्यक्तीचं मन. भावगीत मनापासून ऐकणाऱ्या माणसाला लीड परकं वाटत नाही, हे मी अनुभवानं सांगते. फरक दोन. पियानोची प्रत्येक जागा संगीतकारानंच लिहून ठेवलेली असते, ती वादकाच्या मर्जीवर नाही. आणि गाणाऱ्यानं हरकती-मुरक्या घ्यायच्या नसतात, निदान आजचा प्रघात तसा आहे. हा प्रघात शूबर्टच्या काळातही इतका कडक होता का, ते प्रश्न १५ मध्ये.

७. प्रत्येक कडव्याला तीच चाल असेल तर कंटाळा येत नाही का?

सगळ्या गाण्यांत तसं नसतं. ढोबळ मानानं तीन तऱ्हा दिसतात. 'हाइडेनर्योसलाइन'सारखी गाणी, जिथे तिन्ही कडव्यांना हुबेहूब एकच चाल आहे. 'एर्लक्योनिग'सारखी, जिथे चाल गोष्टीबरोबर पुढेच जात राहते. आणि या दोन्हींच्या मधली, जिथे चाल परत येते पण येताना काहीतरी बदललेलं असतं. शूबर्टचं खरं सामर्थ्य मला या तिसऱ्या तऱ्हेत दिसतं.

'डी फोरेले'मध्ये पहिली दोन कडवी एकसारखी आहेत : नितळ ओढा, सुळकन जाणारा मासा, गळ टाकून बसलेला कोळी. तिसऱ्या कडव्यात कोळी पाणी ढवळून गढूळ करतो, आणि त्याबरोबर पियानोही गढूळ होतो. मूळ कवी शुबार्ट यानं (नावं सारखी वाटली तरी माणसं वेगळी) शेवटी चौथं कडवं लिहिलं होतं : मुलींनो, गळ टाकणाऱ्या पुरुषांपासून सावध राहा. शूबर्टनं ते सरळ गाळलं. योग्यच केलं. फसवणूक झाल्याचं दुःख पुरतं होतं, त्यावर उपदेशाची गरज नव्हती.

'डेर लिंडेनबाउम'चं उदाहरणही पाहा. वेशीबाहेरच्या विहिरीजवळचं झाड, त्याच्या सावलीतली स्वप्नं. शूबर्टच्या गाण्यात दुसऱ्या कडव्यावर रात्र पडते आणि सूर काळवंडतात, मग वारा सुटतो, टोपी उडते. पुढे झिल्शर नावाच्या संगीतकारानं ही चाल समूहगानासाठी सोपी केली, काळवंडणं आणि वारा काढून टाकला, आणि तेच रूप जर्मन घराघरांत लोकगीत होऊन बसलं. अनेक जर्मनांना ते गाणं शूबर्टचं आहे हे ठाऊकही नसतं.

८. मेजर म्हणजे आनंद आणि मायनर म्हणजे दुःख, हे बरोबर आहे ना?

मेजर आणि मायनर या पाश्चात्य संगीतातल्या स्वरसप्तकाच्या दोन मुख्य तऱ्हा. शूबर्टच्या बाबतीत हा ठोकताळा मोडतो. 'विंटरराइजे'चं पहिलं गाणं 'गुटे नाख्ट'. प्रेम मोडलंय, तरुण मध्यरात्री तिच्या घरातून चालता होतो आहे. तीन कडवी मायनरमध्ये, पावलांच्या ठेक्यात. मग चौथं : तुझ्या स्वप्नात व्यत्यय आणणार नाही, दार हळूच लावीन, जाता जाता फाटकावर 'शुभ रात्री' लिहून जाईन. इथे शूबर्ट तीच चाल मेजरमध्ये नेतो. ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा येतो तो नेमका इथे. मायनरमध्ये तो चिडलेला होता. मेजरमध्ये त्याच्याकडे फक्त माया उरली आहे. शेवटची ओळ पुन्हा येते तेव्हा सूर परत मायनर होतो.

या मालेत मेजर बहुतेक वेळा स्वप्नाचा किंवा आठवणीचा रंग असतो. एकदा हे लक्षात आलं की 'फ्र्यूलिंग्सट्राउम' (वसंताचं स्वप्न) सारखं गोड गाणंही निर्धास्त मनानं ऐकता येत नाही.

९. कवी कोण होते? त्यानं दुय्यम कवींच्या कविता घेतल्या असं वाचलं.

गोएथे, शिलर, हायने यांच्या घेतल्या आणि जवळच्या मित्रांच्याही घेतल्या. गोएथेच्या सत्तरच्या आसपास चाली आहेत. मायरहोफर हा कवी तर त्याचा खोलीसोबती होता. काही कविता खरोखरच सामान्य आहेत, हे कबूल करायला हवं. पण ज्याला 'दुय्यम' म्हणून हिणवलं जातं तो विल्हेल्म म्युलर, 'डी श्योने म्युलरिन' आणि 'विंटरराइजे' या दोन्ही मालांचा कवी, मला दुय्यम वाटत नाही. साधे शब्द, छोट्या ओळी, आणि मध्ये भरपूर रिकामी जागा. संगीताला अशीच जागा लागते.

१०. गोएथेनं ही गाणी ऐकली होती का? त्याला आवडली?

१८१६ मध्ये शूबर्टचा मित्र श्पाउन यानं गोएथेला पत्र लिहून गाण्यांची वही पाठवली. वही परत आली, उत्तर आलं नाही. १८२५ मध्ये स्वतः शूबर्टनं छापील गाणी पाठवली. तेव्हाही उत्तर नाही. गोएथेला दुष्ट ठरवण्याची घाई मात्र करू नये. कवितेची चाल साधी असावी, प्रत्येक कडव्याला तीच असावी आणि कवितेच्या पुढे जाऊ नये, असं त्याचं मत होतं. 'एर्लक्योनिग'ची पहिली चाल अभिनेत्री-गायिका कोरोना श्र्योटर हिनं १७८२ मध्ये दिली होती, ती अगदी तशी आहे, लहानशी. १८३० मध्ये विल्हेल्मिने श्र्योडर-डेव्हरियंट या गायिकेनं शूबर्टचं 'एर्लक्योनिग' म्हाताऱ्या गोएथेपुढे गायलं आणि तो हेलावला, अशी हकीकत सांगतात. शूबर्ट जाऊन तेव्हा जवळपास दीड वर्ष झालं होतं.

११. 'विंटरराइजे'चा कवी म्युलर आणि आपले मॅक्स म्युलर यांचा काही संबंध आहे का?

बापलेक. हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा विचारणाऱ्यांना वाटलं होतं की आपण काहीतरी बावळट विचारतो आहोत. ऋग्वेदाची छापील आवृत्ती सिद्ध करणारे फ्रीडरिश मॅक्स म्युलर हे विल्हेल्म म्युलर यांचे चिरंजीव, जन्म डेसाउ गावी, ६ डिसेंबर १८२३. त्याच वर्षी व्हिएन्नात शूबर्ट त्यांच्या वडिलांच्या कवितांवर 'डी श्योने म्युलरिन' रचत होता. वडील १८२७ च्या शरद ऋतूत वारले, वयाची तेहतीस पुरी व्हायच्या आत. मुलगा तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. कवी आणि संगीतकार एकमेकांना कधी भेटले नाहीत.

महाराष्ट्रात हा धागा आणखी पुढे जातो. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना शिक्षा झाली, तेव्हा त्यांना लवकर सोडावं यासाठी विलायतेत झालेल्या अर्जावर मॅक्स म्युलर यांनी सही केली होती, आणि तुरुंगात त्यांना आपल्या ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती पाठवली होती. पुण्या-मुंबईत जर्मन शिकायला आपण ज्या मॅक्स म्युलर भवनात जातो, त्या नावामागे असा एक बर्फातून चालत निघालेला तरुणही उभा आहे.

१२. शूबर्टच्या गाण्यांत भारत कुठे येतो का?

एका गाण्यात थेट येतो. गोएथेची 'डेर गोट उंड डी बायाडेरे' ही कथाकविता त्यानं १८१५ मध्ये संगीतबद्ध केली. तिचा नायक 'महाद्योह', म्हणजे आपला महादेव. तो माणसाच्या रूपात पृथ्वीवर येतो, एका नर्तकीकडे रात्री उतरतो, सकाळी मृत आढळतो, आणि ती त्याच्या चितेत उडी घेते तेव्हा तिला हातांत घेऊन वर जातो. गाणं म्हणून ते त्याच्या उत्तम कामांत बसत नाही. लांबलचक कवितेला प्रत्येक कडव्याला एकच चाल आहे. १८२० मध्ये त्यानं कालिदासाच्या शकुंतलेवर 'साकोंटाला' नावाचा ऑपेरा हाती घेतला होता, तो अपुरा राहिला.

१३. 'आवे मारिया' ही चर्चमधली प्रार्थना ना?

मुळात नाही. ते सर वॉल्टर स्कॉट यांच्या 'द लेडी ऑफ द लेक' या काव्यातलं एलन नावाच्या मुलीचं गीत आहे, जर्मन भाषांतरातलं. शूबर्टनं ते १८२५ मध्ये लिहिलं, खरं नाव 'एलनचं तिसरं गीत', डी ८३९. वडिलांबरोबर डोंगरात लपून राहिलेली ही मुलगी मेरीमातेची करुणा भाकते. सुरुवातीचे दोन शब्द प्रार्थनेतले, म्हणून पुढे कोणीतरी लॅटिन प्रार्थनेचे शब्द या चालीवर बसवले आणि लग्नांत ते गाऊ लागले. मूळ शब्दांसह ऐकाल तर हार्पसारख्या पियानोमागची रात्रही ऐकू येईल.

१४. माझा आवाज खालचा आहे. पट्टी बदलून गायलं तर चालतं का?

चालतं. शूबर्टच्या हयातीतच चालायचं. त्याची गाणी रंगवणारा योहान मिखाएल फोगल हा बॅरिटोन, म्हणजे मध्यम-खालच्या आवाजाचा गायक होता, आणि कित्येक गाणी मुळात त्याहून वरच्या आवाजाला सोयीची आहेत. छापील आवृत्त्याही उंच, मध्यम आणि खालच्या आवाजांसाठी वेगवेगळ्या मिळतात.

पण दोन गोष्टी सांभाळा. पट्टी फार खाली नेली की पियानोचा डावा हात चिखलात रुततो. शूबर्टच्या काळचा व्हिएन्नाचा पियानो हलका होता, खर्जातही स्वर सुटे ऐकू येत. आजच्या मोठ्या पियानोवर तेच स्वर एकमेकांत मिसळतात. दुसरं, माला गात असाल तर प्रत्येक गाणं आपल्या सोयीनं वेगळं हलवू नका. एका गाण्याचा शेवट पुढच्याची सुरुवात तयार करत असतो.

१५. गाणाऱ्यानं स्वतःच्या जागा घातल्या तर?

आज बहुतेक शिक्षक नको म्हणतील. पण प्रश्न ६ मध्ये म्हटलं तसं, हा निर्बंध जुन्या काळी एवढा पक्का नव्हता. फोगल आपल्या जागा घालत असे, आणि १८३० मध्ये डियाबेली यांनी छापलेल्या 'डी श्योने म्युलरिन'च्या आवृत्तीत त्या उतरल्याही आहेत. शूबर्ट स्वतः पियानोवर बसून त्याला साथ करत होता, हेही विसरू नये. माझं मत : एकाच चालीच्या चौथ्या-पाचव्या कडव्यात, शब्दांनी मागितलं तर, एखादी बारीक जागा शोभते. 'डेर लायरमान'मध्ये एकही नाही.

१६. बाईचं गाणं पुरुषानं आणि पुरुषाचं बाईनं गायलेलं चालतं का?

'ग्रेटशेन' पुरुष क्वचितच गातात. उलटं मात्र सर्रास चालतं. 'विंटरराइजे' लोटे लेमान यांनी १९४० च्या सुमारास ध्वनिमुद्रित केली, नंतर क्रिस्टा लुडविग आणि ब्रिगिटे फासबेंडर यांनीही. फासबेंडर ऐकताना बोलणारा पुरुष की बाई हा प्रश्न तिसऱ्या गाण्यापर्यंत मनातून निघून जातो.

१७. कोणाचं ध्वनिमुद्रण ऐकावं?

एकच हवं असेल तर डीट्रिश फिशर-डीस्काउ आणि पियानोवर जेराल्ड मूर. शब्द एवढे स्वच्छ की भाषा शिकणाऱ्यालाही उपयोग होतो. जुन्या पियानोचा आवाज (प्रश्न १४) ऐकायचा असेल तर क्रिस्टोफ प्रेगार्डियन आणि आंद्रेआस श्टायर यांची 'विंटरराइजे'. सगळीच गाणी हवी असतील तर पियानोवादक ग्रॅहम जॉन्सन यांनी अनेक गायकांना घेऊन केलेला ३७ तबकड्यांचा संच आहे.

१८. हयातीत त्याला या गाण्यांचे पैसे मिळाले का?

मिळाले, पण उशिरा आणि थोडे. 'एर्लक्योनिग' १८१५ चं. १८१७ मध्ये ते लाइपझिगच्या एका प्रकाशकाकडे गेलं. त्यानं नाकारलं आणि चुकून ड्रेस्डेनमधल्या दुसऱ्याच फ्रान्झ शूबर्ट नावाच्या संगीतकाराकडे परत पाठवलं. असलं काहीतरी आपल्या नावावर खपवलं जातंय म्हणून ते गृहस्थ संतापले. अखेर १८२१ मध्ये मित्रांनी वर्गणी काढून ते छापलं. 'ओपस १' म्हणून. हातात आधीच कितीतरी गाणी तयार असलेल्या माणसाची, ओपस म्हणजे कृतीचा क्रमांक देऊन छापलेली ही पहिली कृती.

१९. 'विंटरराइजे'तल्या गाण्यांचा क्रम म्युलरच्या पुस्तकातल्या क्रमाशी जुळत नाही. शूबर्टनं मुद्दाम बदलला?

अर्धा योगायोग, अर्धा निर्णय. १८२७ च्या सुरुवातीला त्याच्या हाती पडलं ते १८२३ सालचं एक वार्षिक, त्यात म्युलरच्या फक्त बारा कविता होत्या. तेवढ्याच आहेत असं समजून त्यानं बाराही केल्या आणि हस्तलिखितात शेवटी 'समाप्त' असं लिहिलं. बारावं गाणं त्यानं पहिल्याच्याच स्वरात ठेवलं होतं, म्हणजे वर्तुळ पुरं. मग त्याला चोवीस कवितांचं पुस्तक सापडलं. म्युलरनं नव्या बारा कविता जुन्यांच्या मधे मधे पेरल्या होत्या. शूबर्टनं पहिला भाग मोडला नाही. उरलेल्या बारा पुस्तकातल्या क्रमानं उचलल्या, फक्त शेवटाकडे 'मूट' आणि 'डी नेबेनझोनेन' यांची अदलाबदल केली. त्यामुळे म्युलरकडे 'लिंडेनबाउम'नंतर लगेच येणारं टपालगाडीचं गाणं शूबर्टकडे तेरावं झालं, दुसऱ्या भागाचं पहिलं. काही गायक म्युलरच्या क्रमानं गाऊन पाहतात. गोष्ट जरा सरळ लागते, पण स्वरांची वाट तुटते.

मित्रांना त्यानं ही गाणी स्वतः गाऊन दाखवली तेव्हा ते सुन्न झाले. शोबर म्हणाला, मला एकटं 'लिंडेनबाउम' आवडलं. शूबर्ट म्हणाला, मला ही सगळ्यांत जास्त आवडतात, तुम्हालाही आवडतील. दुसऱ्या भागाची मुद्रितं त्यानं अखेरच्या आजारपणात अंथरुणात तपासली.

२०. 'वासरफ्लूट'मध्ये उजव्या हाताला तीनची विभागणी आणि डाव्याला टिंब लावलेली लय. दोन्ही एकत्र पाडायची की वेगळी?

'वासरफ्लूट' हे 'विंटरराइजे'तलं अश्रूंचं गाणं, आणि टिंब लावलेली लय म्हणजे लांब स्वरामागून आखूड स्वर. पियानो वाजवणाऱ्यांचं हे जुनं भांडण आहे. हस्तलिखितात डाव्या हाताचा छोटा स्वर उजव्या हाताच्या तिसऱ्या स्वराखाली नेमका लिहिलेला दिसतो, आणि त्या काळी अशी लय तीनमध्ये मिसळून वाजवायची पद्धत होती. म्हणून 'एकत्र पाडा' हा पक्ष मजबूत आहे. वेगळं पाडणारे म्हणतात, त्या ओढाताणीतच थकलेलं पाऊल आहे. मी दोन्ही ऐकलं आहे आणि माझा कौल एकत्र पाडण्याला आहे. अश्रू वाहतात, अडखळत नाहीत. पण हा नियम डोळे मिटून दुसऱ्या गाण्यांना लावू नका. तिथे लय, वेग आणि हस्तलिखित बघूनच ठरवावं.

२१. 'श्वानेनगेजांग' ही तिसरी माला का? आणि त्याचं शेवटचं गाणं कोणतं?

माला नाही. शूबर्टच्या मृत्यूनंतर प्रकाशक हास्लिंगर यानं १८२९ मध्ये चौदा गाणी एकत्र करून हे 'हंसगीत' नाव दिलं : सात रेलश्टाबची, सहा हायनेची, एक झाइडलचं. हायनेची सहा एकत्र ऐकावीत. 'डेर डोपेलगेंगर'मध्ये पियानोला चार संथ स्वरसंगतींवाचून जवळपास काहीच नाही आणि अंगावर काटा येतो.

शेवटचं गाणं कोणतं याला दोन दावेदार, दोन्ही ऑक्टोबर १८२८ चे : क्लॅरिनेटसह असलेलं 'डेर हिर्ट आउफ डेम फेल्झेन' आणि झाइडलचं 'डी टाउबेनपोस्ट'. फक्त आवाज आणि पियानो धरायचं तर दुसरं. डोपेलगेंगरच्या पाठोपाठ ते ठेवल्याबद्दल प्रकाशकाला पुष्कळ बोल लावले जातात, कारण ते हलकं, दुडक्या चालीचं गाणं आहे. एक माणूस सांगतोय, माझ्याकडे एक निरोप नेणारं कबूतर आहे, ते कधी थकत नाही, दाणा मागत नाही, आणि तुम्हाला त्याचं नाव ठाऊक आहे का? ओढ.